चंद्रपूरला पहिल्यांदा येताय? एक दिवस परकोटाला द्या

चंद्रपूरला येणारे बहुतेक पाहुणे चंद्रपूर पाहतच नाहीत. नागपूरला उतरायचं, गाडी करून थेट मोहर्ली नाहीतर कोलारा गाठायचं, दोन सफारी करायच्या आणि आल्या वाटेनं परतायचं, असा त्यांचा बेत असतो. ताडोबाची ओढ खरीच आहे. १९५५ साली जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. पण ज्या गोंड राजांनी या मुलखावर शेकडो वर्षं राज्य केलं, त्यांची राजधानी न बघताच माणूस परत जातो, याचं इथल्या माणसाला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं आता युरोपच्या सहलीत माल्टाचं वॅलेटा किंवा ऱ्होड्स बेटावरचं जुनं शहर बघून येतात, तिथल्या तटावरून हौसेनं चालतात. ऱ्होड्सचा तो तट साधारण चार किलोमीटरचा आहे. चंद्रपूरचा परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा आहे, आणि त्याच्या आत आजही शहर नांदतं आहे.

म्हणून तीन दिवसांचा बेत करा आणि त्यातला एक पूर्ण दिवस शहरासाठी ठेवा. कोणता, हे ताडोबाच ठरवून देतो. मंगळवारी जंगल बंद असतं. तो दिवस परकोटाला द्या आणि सफारी बुधवारी किंवा सोमवारी घ्या. गाभा क्षेत्राची सफारी आधी आरक्षित करावी लागते, आणि हिवाळ्यातल्या सुट्ट्यांसाठी तर खूप आधी. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा बंद असतो. तेव्हा बफरमधली काही प्रवेशद्वारं तेवढी उघडी राहतात.

रेल्वेनं येणाऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहून घ्यावी. शहरात दोन स्थानकं आहेत. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं ते ‘चंद्रपूर’, आणि गोंदिया-नागभीडकडून बल्लारशाहला जाणाऱ्या मार्गावरचं ‘चांदा फोर्ट’. तिकीट एकाचं आणि घ्यायला आलेला माणूस दुसऱ्यावर, असं होऊ शकतं. मुंबईहून नंदीग्राम एक्स्प्रेस बल्लारशाहपर्यंत येते, तिथून चंद्रपूर अगदी जवळ. नागपूरहून रस्त्यानं दीडशे किलोमीटर, आणि वाटेत भद्रावती लागते. तिथल्या टेकडीत कोरलेली विजासनची बौद्ध लेणी पाहायला तासाभराचा वेळ पुरतो. लांब बोगद्यासारख्या दालनाच्या टोकाशी अंधारात बसलेली बुद्धमूर्ती आहे. टॉर्च जवळ ठेवा.

आता परकोट. सकाळी सातच्या आत जटपुरा दरवाजाशी पोचा, कारण त्यानंतर त्या कमानीतून शहराची सगळी वाहतूक वाहू लागते आणि उभं राहून वर पाहणं अवघड होतं. वर पाहण्यासारखं आहे. हत्तीवर झेप घेतलेला सिंह कोरलेला दिसेल. ती गोंड राजांची मुद्रा. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, आणि त्यांच्या अधेमधे खिडक्या, म्हणजे छोट्या वाटा: बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, मसान खिडकी, चोर खिडकी. जटपुऱ्याहून गांधी चौकातून सरळ दक्षिणेला चालत गेलं की पठाणपुरा दरवाजा येतो. त्याच्या पलीकडे इरई आणि झरपट या नद्या. पावसाळ्यात इरई फुगली की पाणी या दरवाजापाशी येऊन ठेपतं आणि पुढचा रस्ता बंद होतो. कोटाचा उपयोग शत्रूइतकाच पुरासाठीही होत असावा, हे तिथं उभं राहिलं की पटतं.

शहर वसलं त्याची कथा इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहा हा राजा बल्लारपूरला राहत असे आणि त्याला त्वचेचा असाध्य रोग होता. शिकारीत तहानलेला असताना झरपटच्या पात्रातल्या पाण्यानं त्यानं हातपाय धुतले आणि रोग बरा झाला. तिथं अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे त्याच रानात त्याला शिकारी कुत्र्याच्याच मागे लागलेला ससा दिसला, आणि राणीच्या सल्ल्यानं त्या पाठलागाच्या वाटेवर कोटाची आखणी झाली. काम मात्र एका राजाच्या हयातीत पुरं झालं नाही. पुढच्या पिढ्यांनी ते तडीस नेलं.

अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली सर्वांत भव्य बीरशहाची. ती राणी हिराईनं बांधवली. नवऱ्याचा खून झाल्यावर अठराव्या शतकाच्या आरंभी तिनं दत्तक पुत्राच्या नावानं राज्य सांभाळलं आणि महाकालीच्या देवळाचं कामही केलं. महाराष्ट्राच्या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या इतिहासात या राणीला अजून हवी तशी जागा मिळालेली नाही. या समाधीपाशी घाई करू नका. महाकालीचं देऊळ तिथून चालत जाण्याएवढंच दूर आहे. चैत्रातल्या यात्रेला नांदेड आणि मराठवाड्यातून हजारो भाविक येतात, तेव्हा शहरात राहायला जागा मिळणं कठीण. तशीच गर्दी ऑक्टोबरच्या मध्यावर असते: नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चंद्रपुरातही दीक्षा दिली होती, आणि त्या दिवसासाठी लोक अजूनही इथल्या दीक्षाभूमीवर येतात.

जुन्या राजवाड्याच्या जागी आता कारागृह आहे. तिथल्या पिंपळाखाली २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिलं. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदारानं गोंड तरुणांची फौज उभी करून चांदा जिल्ह्यात इंग्रजांना बेजार केलं होतं. आत सहज प्रवेश नसतो, पण बाहेरून जाताना थांबावं, आणि सोबत मुलं असतील तर त्यांना हे नाव सांगावं.

कोटावर चालता येतं, याचं श्रेय इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांना द्यायला हवं. २०१७ पासून शेकडो दिवस रोज पहाटे त्यांनी तटावरची झुडपं, माती आणि कचरा काढला. कोणी पैसे दिले म्हणून नव्हे. आपला वारसा आपणच जपायचा म्हणून. काही भागांत अजूनही घरं तटाला चिकटून आहेत, काही बुरूज ढासळत आहेत. तटावर नावं कोरणं, बाटल्या टाकणं एवढं टाळलं तरी या लोकांच्या श्रमाचा मान राहील.

ऋतूचं ठरवताना भाबडेपणा नको. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते हे खरं, पण पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी परकोट पाहणं जिवावर येतं. लहान मुलं, वयस्क माणसं असतील तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर या. आणखी एक. शहराच्या उत्तरेला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आणि कोळसा खाणी आहेत, आणि जंगल त्यांना लागूनच. वीज केंद्राच्या परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं दगावली आहेत. पहाटे किंवा संध्याकाळी शहराबाहेर पायी फिरायला निघू नका. स्थानिक माणूस नको म्हणाला तर ऐका.

हिवाळ्यात आलात तर झाडीपट्टीचं नाटक चुकवू नका. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही त्याची राजधानी, पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागातल्या गावांतही प्रयोग लागतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. गावं शाली पांघरून, लेकराबाळांसह मंडपात बसतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आज कुठे प्रयोग आहे, हे चहाच्या टपरीवर विचारलं की कळतं.

तिसरा दिवस मार्कंड्याला द्या. मूलवरून, वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ हे देवळांचं गाव आहे. इथं नदी उत्तरेकडे वळते, आणि तिच्या काठावर हजारेक वर्षांपूर्वीचा शिल्पांनी भरलेला देऊळसमूह उभा आहे. मुख्य देवळाची पडझड झालेली आहे, तरीही बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती पाहत अर्धा दिवस सहज जातो. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. सामानात बाटली ठेवून जिल्ह्याची हद्द ओलांडू नका.

हेमलकसा, भामरागड, आलापल्ली, कमलापूरचे हत्ती, सिरोंचा हे सगळं याच फेरीत बसवायचा मोह होईल. बसवू नका. चंद्रपूरहून हेमलकसा गाठायलाच अर्धा दिवस जातो, आणि पावसात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. शिवाय १९७३ साली सुरू झालेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प म्हणजे चालू दवाखाना आणि निवासी शाळा आहे. तिथं रुग्ण असतात, मुलांचे वर्ग सुरू असतात. त्या दक्षिणेच्या फेरीसाठी वेगळे चार-पाच दिवस काढा, वाटेत आलापल्लीला मुक्काम धरा, आणि हेमलकशाला जायचं असेल तर प्रकल्पाला आधी कळवून मगच तारीख पक्की करा.