घरगुती छतावरील सौर संचातील बिघाड व हमी-दुरुस्ती : एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावांतूनही घरांच्या छतांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेने या प्रसारास मोठी गती दिली. 2 किलोवॉटच्या संचास 60,000 रुपये आणि 3 किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचास 78,000 रुपये असे केंद्रीय अनुदान आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट असे या योजनेचे स्वरूप आहे. अनुदान कसे मिळवावे, कर्ज कोठून घ्यावे आणि किती वर्षांत पैसे वसूल होतात, याविषयी विपुल माहिती उपलब्ध आहे. परंतु तिसऱ्या-चौथ्या वर्षी संच बंद पडला तर काय करावे, हा प्रश्न फारसा चर्चिला जात नाही. संच बंद असला तरी कर्जाचा हप्ता चालूच राहतो आणि विजेचे बिलही पूर्ववत येऊ लागते. म्हणजे कुटुंबावर दुहेरी भार पडतो. विक्रेत्याच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेली '25 वर्षांची वॉरंटी' अशा वेळी प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक संच, अनेक हमी

बाजारात 'गॅरंटी म्हणजे बदलून देणे व वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणे' असा समज रूढ आहे. कायद्यात असा भेद नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 126 मधील 'गॅरंटी' म्हणजे तिसऱ्या व्यक्तीच्या दायित्वासाठी दिलेली हमी. वस्तूच्या टिकाऊपणाशी तिचा संबंध नाही. म्हणून दुकानदार कोणता शब्द उच्चारतो यापेक्षा हमीपत्रात काय लिहिले आहे, हेच निर्णायक ठरते.

हमीपत्रे बारकाईने वाचली असता '25 वर्षे' ही एकच हमी नसून वेगवेगळ्या व्यक्तींनी वेगवेगळ्या मुदतीसाठी दिलेली अनेक वचने असल्याचे दिसून येते. पॅनेलच्या निर्मितीदोषाची हमी पॅनेलचा उत्पादक देतो व ती सामान्यतः 10 ते 12 वर्षांची असते. 25 वर्षांचा आकडा आहे तो केवळ पॅनेलच्या वीजनिर्मितीक्षमतेचा. इन्व्हर्टरची हमी त्याचा उत्पादक देतो, ती बहुधा 5 ते 10 वर्षांची असते. लोखंडी सांगाडा, केबल, अर्थिंग व जोडणीचे काम यांची जबाबदारी संच बसविणाऱ्या व्यावसायिकाची. सूर्यघर योजनेखाली बसविलेल्या संचाची पाच वर्षे विनामूल्य देखभाल करणे हे त्या व्यावसायिकावर बंधनकारक आहे. मात्र ही तरतूद अनेक ग्राहकांना माहीत नसते आणि पहिल्याच दुरुस्तीला ते निमूटपणे पैसे मोजतात.

यातील विसंगती अशी की, सर्वांत दीर्घ हमी सर्वांत कमी बिघडणाऱ्या घटकाला आहे. पॅनेलमध्ये हलणारा भाग नाही. बिघाड प्रथम होतो तो इन्व्हर्टरमध्ये, जोडांमध्ये व अर्थिंगमध्ये, आणि नेमक्या त्यांच्याच हमीची मुदत सर्वांत आधी संपते.

वचनाचे मोल वचन देणारा टिकून आहे तोवरच, हेही लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतील सोलिन्ड्रा 2011 मध्ये, चीनमधील सनटेकची वुशी येथील उपकंपनी 2013 मध्ये आणि अमेरिकेतील सनपॉवर 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही कथा, तर अनुदानाच्या लाटेत उभ्या राहिलेल्या गावपातळीवरील एजन्सीविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

बिघाड नसलेले बिघाड

तक्रार करण्यापूर्वी खरा बिघाड व त्याचा आभास यांत भेद करणे आवश्यक ठरते. भारनियमनाच्या वेळी भर उन्हातही संच बंद पडतो, ही बहुधा सर्वांत वारंवार ऐकू येणारी तक्रार होय. बॅटरीविना ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच स्वतःही थांबतो, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये अशी ती रचना आहे. येथे इन्व्हर्टर बिघडलेला नसून आपले काम चोख करीत असतो.

दुसरा आभास उष्णतेचा. पॅनेलवरील क्षमता 25 अंश सेल्सिअस तापमान व प्रति चौरस मीटर 1000 वॉट प्रकाशतीव्रता गृहीत धरून मोजलेली असते. विदर्भातील एप्रिलच्या दुपारी पॅनेलमधील घटांचे तापमान सहज 60 अंशांवर जाते. प्रत्येक अंशामागे साधारण 0.35 टक्के घट धरल्यास 540 वॉटचे पॅनेल त्या वेळी सुमारे 474 वॉटच देते. हा हमीभंग नव्हे.

तिसरा प्रकार मात्र खऱ्या नुकसानीचा आहे, पण त्यावर हमीचा उपाय नाही. एकाच रोहित्रावरील अनेक घरे दुपारी वीज ग्रिडमध्ये सोडू लागली की तेथील दाब वाढतो आणि निर्धारित मर्यादा ओलांडताच इन्व्हर्टर थांबतो. पडद्यावर दाबवाढीचा संदेश येतो, व्यावसायिक 'इन्व्हर्टर ठीक आहे' म्हणतो आणि ते खरेच असते. येथे तक्रार वीज वितरण कंपनीकडे करावी लागते. तिने दाद न दिल्यास विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 42 अन्वये ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते.

लपून राहणारा बिघाड

इन्व्हर्टर पूर्ण बंद पडला तर निदान कळते तरी; खरी फसगत होते ती अंशतः बिघाडात. सहा पॅनेल एका माळेत जोडलेला सुमारे 3 किलोवॉटचा संच घ्यावा. प्रति किलोवॉट दररोज सरासरी 4 युनिट या हिशेबाने तो दिवसाला 12 युनिट देतो. प्रत्येक पॅनेलमध्ये सामान्यतः तीन बायपास डायोड असतात. एका पॅनेलमधील एक डायोड जळून शॉर्ट झाला तर त्या पॅनेलचा एक तृतीयांश, म्हणजे संपूर्ण माळेचा अठरावा भाग निकामी होतो. दिवसाला सुमारे दोन तृतीयांश युनिटची ही घट कोणाच्या लक्षात येणार? वर्षाकाठी मात्र ती 240 युनिटांच्या घरात जाते.

विजेचे बिलही येथे साहाय्य करीत नाही. नेट मीटर ग्रिडकडून घेतलेली व ग्रिडला दिलेली वीज नोंदवितो. घरातच वापरलेली सौर वीज त्यात येत नाही. त्यामुळे निर्मिती घटली की वापर वाढला, हे केवळ बिलावरून सांगता येत नाही. जुलैमध्ये बंद पडलेला संच 'पावसाळा आहे' या समजुतीखाली ऑक्टोबरपर्यंत तसाच राहू शकतो. यावर उपाय साधा आहे. इन्व्हर्टरवरील एकूण युनिटांचा आकडा दर महिन्याच्या ठरावीक तारखेला वहीत टिपावा व त्याची तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी. मोबाइल अ‍ॅपवरील नोंदी सोयीच्या असतात, परंतु अनेकदा त्यांचे खाते व्यावसायिकाच्याच नावे उघडलेले असते आणि वाद निर्माण झाल्यावर तेच ग्राहकाच्या हाती राहत नाही.

हमी मागताना

हमीची मागणी बहुधा अपवादांच्या कलमापाशी अडते. वीज कोसळणे, दाबाचा अचानक झटका, पूर, माकडांनी केलेली मोडतोड ही कारणे सर्वसाधारणपणे हमीबाहेर असतात. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने सांगाडा गंजल्यास तोही वादाचा विषय होतो. वीज पडून झालेले नुकसान ही हमीची नव्हे, तर विम्याची बाब आहे. अर्थिंग सदोष असल्यास मात्र 'दाबाच्या झटक्याने इन्व्हर्टर जळाला' हे व्यावसायिकाचे उत्तर त्याच्यावरच उलटते, कारण अर्थिंग व संरक्षक उपकरणे बसविणे हे त्याचेच काम होते. संच सुरू करतानाच्या अर्थिंग चाचणीचा अहवाल जपून ठेवण्याचे महत्त्व येथे कळते.

क्षमतेची हमी सिद्ध करणे त्याहून कठीण. पहिल्या वर्षी 2 टक्के व पुढे दरवर्षी 0.55 टक्के घट मान्य असेल, तर दहाव्या वर्षाअखेर सुमारे 93 टक्के क्षमता अपेक्षित असते. छतावरील धूळच चार-पाच टक्के वीज खाते, तेव्हा हा फरक घरी मोजणार कसा? पॅनेल उतरवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत न्यावे लागते. दोष सिद्ध झाला तरी उतरविणे, वाहतूक व पुन्हा बसविणे यांचा खर्च अनेक हमीपत्रांत ग्राहकावरच टाकलेला असतो. शिवाय सात-आठ वर्षांपूर्वीचे मॉडेल बाजारात उरत नाही. माळेतील प्रवाह सर्वांत कमी प्रवाहाच्या पॅनेलवरून ठरतो. त्यामुळे जुन्या माळेत नवे, मोठे पॅनेल घातले तरी त्याची वाढीव क्षमता वाया जाते. बदलून मिळालेल्या वस्तूस नवी मुदत मिळत नाही, बहुधा मूळ हमीचा उरलेला काळच लागू होतो.

मागणी लेखी करावी व ती व्यावसायिक आणि उत्पादक या दोघांकडेही पाठवावी. बिल, प्रत्येक पॅनेलचा व इन्व्हर्टरचा अनुक्रमांक, बिघाड-संदेशाचे तारखेसह छायाचित्र व मासिक नोंदी सोबत जोडाव्यात. पॅनेल एकदा बसले की त्याच्या मागील बाजूचा अनुक्रमांक वाचणे अवघड होते. म्हणून ती छायाचित्रे बसविण्यापूर्वीच घेतलेली बरी.

कायद्याचा आधार

20 जुलै 2020 पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये 'उत्पादन दायित्व' हे नवे प्रकरण समाविष्ट झाले आणि हमीभंगासाठी तेच वापरावे असा समज पसरला. परंतु कलम 2(22) मधील 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाची हानी वगळलेली आहे. सदोष जोड पेटून कोणास इजा झाली तर ते प्रकरण लागू पडेल; बंद इन्व्हर्टरसाठी मात्र वस्तूतील 'दोष' व सेवेतील 'त्रुटी' या आधारांवरच तक्रार करावी लागते. योग्य चाचणीविना कार्यक्षमतेची हमी जाहीर करणे ही कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंदविलेल्या तक्रारीने काही प्रकरणे मिटतात. न मिटल्यास ग्राहकास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते. विक्रेता पुण्याचा व उत्पादक गुजरातचा असला तरी अडचण नाही. दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि घरगुती संच बहुधा याच मर्यादेत बसतो. वस्तूच्या तपासणीची गरज भासल्यास आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत कलम 69 मध्ये आहे. 'माणूस पाठवतो', 'कंपनीकडून माल यायचा आहे' अशी तोंडी आश्वासने ऐकत ग्राहक थांबतो, तेव्हाही ही मुदत संपतच असते. पुरेसे कारण दाखविल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, पण ते कारण पटविण्याचा भार ग्राहकावरच पडतो.