चार बोटे ओल

फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवले आणि पुढच्याच महिन्यात फौज उत्तरेच्या वाटेला लागली. त्या पानिपतच्या मोहिमेतली पत्रे वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात छापली. घाईची पत्रे ती, पण काम सांगताना त्यामागची निकडही सांगितलेली असते. पत्र पोचायला दिवसच्या दिवस लागणार, उलट विचारायची सोय नाही. म्हणून वाचणाऱ्याला पडेल तो प्रश्न लिहिणाऱ्याने आधीच स्वतःला विचारायचा. आज आपल्या खासगी लेखनातून नेमकी हीच शिस्त गळते आहे, आणि रील-स्टेटसच्या सवयीचा त्यात मोठा हात आहे, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, थोडक्यात लिहिणे काय आजचे आहे? पोस्टकार्ड भारतात १८७९ पासून आहे. मोबाइलच्या संदेशाला १६० अक्षरांची मर्यादा घालणाऱ्या फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्यानेही पोस्टकार्डांवरच्या मजकुराचा आधार घेऊन तेवढी जागा पुरेल असे म्हटले. हे मान्यच आहे. म्हणून मी दोष लांबीला देत नाही. पोस्टकार्डावरची जागा संपली की कडेच्या पट्टीत, कार्ड आडवे धरून, बारीक अक्षरात ‘ता. क.’ लिहिला जायचा. राहून गेलेले सांगण्याची ती धडपड एका ओळखीच्या माणसासाठी असायची. स्टेटस मात्र मामा, वर्गमित्र, दुकानदार अशा सगळ्यांसाठी एकदमच असते आणि २४ तासांत जाते. सगळ्यांना चालेल असे लिहायचे म्हटले की ‘कारण’, ‘तरीही’, ‘म्हणून’ हे शब्द आधी गळतात. माणूस गेला की फोटो लागतो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याने आपल्यासाठी काय केले होते, ते लिहायचे राहूनच जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्यांच्या घरात कधी कोणी पत्र लिहिले नाही, तेही आज रोज चार ओळी टाइप करतात. हा लाभ लहान नाही, तो कुणी हिरावून घेऊ नये. विचार आखूड झाला, असेही म्हणवत नाही. दोन शब्द लिहिणारा माणूसच चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतो. सांगायचे भरपूर आहे, ते लिहून काढून पुन्हा वाचायची सवय तेवढी सुटली आहे. उदगीरकडच्या सोयाबीनच्या पेरणीचेच घ्या. पहिला पाऊस पडला की स्टेटसला ओल्या रानाचा व्हिडिओ, वर ‘आला एकदाचा!’ आनंद खराच असतो. पण दुसऱ्या दिवशी व्हिडिओ जातो. घरातल्या वहीत ‘पाऊस झाला, पण ओल चार बोटांखाली गेली नाही, म्हणून पेरणी थांबवली’ एवढी एक ओळ असली, तर पुढच्या मृगात ती उघडून, थांबलो ते बरे केले की चुकलो, हे ताडून पाहता येते.