दारातूनच परत, की शिक्का मारून आत?

सोयगावचा पोस्टमन पत्र पत्त्यावर पोचवतो. आतला मजकूर पाहणे त्याचे काम नव्हे. ईमेलचा सर्व्हर मात्र पाहतो. ‘स्पॅमअसॅसिन’ नावाचा प्रोग्राम प्रत्येक पत्राला गुण देतो. इथे मात्र गुण जास्त तो नापास! 5 गुण झाले की पत्र स्पॅम, हे त्याचे मूळचे माप.

समजा, एका गुरुजींनी शिष्यवृत्तीची यादी जिल्ह्याला धाडली. विषय सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत, त्यात पाठवणारा सर्व्हर काळ्या यादीत. गुण भराभर चढले. शिक्का मारला तर पत्र पोचते खरे, पण स्पॅमच्या कप्प्यात. आणि तो कप्पा उघडतो कोण? गुरुजी म्हणतात ‘पाठवली’, कार्यालय म्हणते ‘मिळाली नाही’. दोघेही खरे, आणि मुदत संपते ती पोरांची.

सर्व्हरने तेच पत्र ‘550’ असे सांगून दारातच नाकारले, तर पाठवणारा सर्व्हर गुरुजींना लगेच कळवतो. ते फोन तरी करतील! म्हणून फार गुणांच्या पत्राला मला नकारच बरा वाटतो.

पण नकार बोलणे चालू असतानाच द्यावा. एकदा पोच दिल्यावर पत्र परत धाडले, तर ते पाकिटावरच्या नावाकडे जाते. आणि स्पॅमवाल्याने ते नाव दुसऱ्याच कुणाचे घातलेले असते.

नकाराची रेघ 5 वर ओढू नका. 15 च्या आसपास ठेवा. त्याआधी महिनाभर नुसते शिक्के मारून, आपली कामाची पत्रे किती गुणांपर्यंत जातात ते बघा.