एकास बहात्तर : मिग-२१ विमानाची प्रतिकृति

बेगमपुऱ्यापलीकडील बीबीचा मकबरा आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिलेला आहे. त्याचा स्थापत्यकार अताउल्ला हा, ताजमहालाचा मुख्य स्थापत्यकार म्हणून ज्याचें नांव घेतलें जातें त्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. पित्याच्या कृतीचा आदर्श पुढें ठेवूनच पुत्रानें हें काम केलें, हें उघड आहे. तरीही आग्र्याहून आलेला प्रवासी मकबऱ्यासमोर उभा राहिला म्हणजे त्याला कांहीं तरी खटकतें. घुमट आटोपता झाला आहे, पण चार मिनार त्या मानानें आटोपलेले नाहींत. ते घुमटाशेजारीं थोराड दिसतात. मकबरा त्यामुळें कुरूप ठरतो असें नव्हे. परंतु वस्तु लहान करणें ही एक गोष्ट आहे, आणि तिचा प्रत्येक भाग एकाच प्रमाणांत लहान करणें ही अगदीं दुसरी गोष्ट आहे. 'प्रमाणबद्ध प्रतिकृति' हें नांव दुसरीलाच शोभतें.

आपल्या शहरांतील कांहीं विद्यार्थ्यांना प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून लढाऊ जेट विमानांच्या अशा प्रतिकृती तयार करण्याचा छंद लागलेला दिसतो. पालकवर्ग त्याकडे जरा साशंक दृष्टीनें पाहतो. हा खेळ, कीं अभ्यास? पैशांचा व वेळेचा हा अपव्यय तर नव्हे? आणि युद्धाचें साधन मुलाच्या हातीं खेळणें म्हणून द्यावें काय? हे तीनही प्रश्न रास्त आहेत. त्यांचें उत्तर देण्यासाठीं काम कसें करतात तेंच प्रथम पाहूं, आणि उदाहरणास मिग-२१ हें विमान घेऊं. कारण त्याचा आपल्या प्रांताशीं निकटचा संबंध आहे.

नाशिक शहराजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर, ओझर आहे. तेथें हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा कारखाना आहे. मिग-२१ मूळचें सोव्हिएत रशियाचें. १९६३ सालीं चंदीगड येथें हवाई दलाची २८ क्रमांकाची तुकडी हें विमान घेऊन उभी राहिली, आणि पुढें परवान्यानें तें आपल्या देशांतच तयार होऊं लागलें. सांगाडा ओझरला, एंजिन ओरिसांतील कोरापुटला, विद्युत्-यंत्रें हैदराबादेस, अशी कामाची वांटणी होती. विद्यार्थ्यांना मौज वाटेल ती गोष्ट ही, कीं आरंभीं ओझरचे कारागीरही आपल्यासारखेच पेटीतील सुटे भाग जोडीत होते! रशियाहून आलेले तयार भाग जुळवून पहिलीं विमानें उभीं राहिलीं. मग हळूहळू एकेक भाग येथेंच घडूं लागला, आणि शेवटीं कच्च्या धातूपासून संपूर्ण विमान तयार करण्यापर्यंत मजल गेली. जोडण्यापासून घडविण्यापर्यंतचा हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां प्रमाणाविषयीं. विमानांच्या प्रतिकृतींत एकास बहात्तर हें प्रमाण फार रूढ आहे, आणि त्याचें कारण साधें आहे. एका इंचास सहा फूट धरले कीं हें प्रमाण येतें. म्हणजे सहा फुटी मनुष्य एक इंचाचा होतो. १९३६ पासून इंग्लंडांत 'फ्रॉग पेंग्विन' या नांवानें प्लास्टिकचे असे संच विकले जाऊं लागले, तेही याच प्रमाणाचे होते. पुढें महायुद्धांत या खेळाला भलतेंच गंभीर वळण लागलें. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें, हें केवळ आकृतीवरून क्षणांत ओळखण्याचें शिक्षण सैनिकांना द्यावयाचें होतें. त्यासाठीं १९४२ च्या आरंभीं अमेरिकेच्या नौदलानें तेथील शाळांकडे पांच लक्ष प्रतिकृती मागितल्या : पन्नास जातींचीं विमानें, प्रत्येक जातीचे दहा हजार नग. शाळकरी मुलांनीं त्या लाकडांत कोरल्या व काळ्या रंगानें रंगविल्या. दहा मीटरांवर धरलेली अशी प्रतिकृति ७२० मीटरांवरील खऱ्या विमानाएवढी दिसते, हें गणित ज्याचें त्यानें करून पाहावें.

गणिताची गोडी येथेंच संपत नाहीं. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर, प्रतिकृतींत तो दहा सेंटिमीटरांस किंचित् कमी भरतो. पण लांबी बहात्तरावा भाग झाली म्हणजे पृष्ठफळ ५,१८४ वा भाग होतें, आणि घनफळ ३,७३,२४८ वा भाग. रिकाम्या विमानाचें वजन पांच हजार किलो धरलें, तर त्याच पदार्थाची व तशाच पोकळीची प्रतिकृति जेमतेम तेरा-चौदा ग्रॅम भरावी. मुंगीचे पाय बारीक असून चालतें आणि हत्तीचे खांबासारखे जाड कां असावे लागतात, हा शास्त्राच्या तासाला अवघड वाटणारा प्रश्न अशा वेळीं हातांतच उकलतो.

प्रत्यक्ष काम असें. संचांतील भाग एका चौकटीला कैऱ्यांच्या घोसासारखे लटकलेले असतात. सांच्याचें तेल त्यांवर राहिलेलें असतें, म्हणून ते प्रथम साबणाच्या कोमट पाण्यांत धुवावे. नाहीं तर पुढें रंग धरत नाहीं. भाग पिरगळून तोडूं नये, कात्रीनें वा लहान निपरनें कापावा, आणि राहिलेला खुंट बारीक पॉलिश-कागदानें घासावा. चिकटविण्यापूर्वीं दोन भाग कोरडेच जुळवून पाहावे. ही पायरी मुलें हमखास टाळतात, आणि कामाचा बहुतेक विचका येथेंच होतो.

ज्याला आपण गोंद म्हणतों तो येथें गोंद नसतोच. तो एक द्रावक आहे. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा पृष्ठभाग तो विरघळवितो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, आणि द्रावक उडून गेल्यावर तेथें सलग प्लास्टिकच राहतें. म्हणजे हें चिकटविणें नव्हे, सांधणें आहे. पातळ द्रावकांत बुडविलेला कुंचला फटीला नुसता टेकवला कीं द्रव आपोआप आंत शिरतो. केशाकर्षणाचा याहून सुबक प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंतही दिसणार नाहीं. पालकांना मात्र एक विनंती आहे. या द्रावकाची वाफ मस्तकास बाधते व ती ज्वालाग्राही असते. खिडकी उघडी असावी, जवळ समई वा स्टोव्ह नसावा, आणि लहान भावंडांच्या हातीं बाटली लागूं नये.

विमानाचें धड दोन अर्ध्या सालपटांचें असतें. तें मिटविण्यापूर्वीं वैमानिकाची बैठक व यंत्रफलक रंगवून आंत बसवावे लागतात. मिग-२१ च्या नाकाशीं हवा आंत घेणारें वर्तुळाकार तोंड असून त्याच्या मध्यभागीं शंकु असतो. त्या शंकूच्या पोकळींत शिशाचा लहान तुकडा घालावा, म्हणजे तयार विमान शेपटावर बसत नाहीं. धड मिटलें कीं सांध्याची रेघ राहते. सुतार लांकडांत भरतात तशी लांबी तींत भरावी, वाळूं द्यावी, पाण्यांत भिजविलेल्या कागदानें घासावी, आणि डोळे मिटून बोट फिरवून पाहावें. डोळ्यांना न दिसलेली खांच बोटाला लागते.

रंगकाम हा या उद्योगाचा सर्वांत कठीण भाग होय. येथें बहात्तराचें प्रमाण आपल्याविरुद्ध उभें राहतें. रंगांत अडकलेला दशांश मिलिमीटरचा धुळीचा कण खऱ्या विमानावरील सात मिलिमीटरांच्या गांठीएवढा होतो. म्हणून रंग दुधासारखा पातळ करून त्याचे अनेक विरळ हात द्यावे; कुंचल्यानें द्या वा फवाऱ्यानें द्या. प्रथम प्रायमरचा हात द्यावा, कारण राहिलेले सारे दोष तो निर्दयपणें उघडे करतो.

रंग कोणता द्यावा? पेटीवरील चित्र पाहून जो रंग देतो तो चित्राची नक्कल करतो, विमानाची नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. मिग-२१ एफएल जातीचीं आपलीं विमानें १९७१ च्या युद्धापूर्वीं धातूच्या मूळ चंदेरी रंगाचींच होतीं, व त्यांच्या नाकाचा शंकु हिरवा असे. युद्धाच्या सुमारास कांहीं विमानांवर विमानतळावरच घाईनें हिरवे-तपकिरी पट्टे मारण्यांत आले, आणि ते सर्व तुकड्यांत सारखे नव्हते. १४ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनीं अग्निबाण सोडले. तीं विमानें करावयाचीं तर त्याच दिवसांचीं छायाचित्रें शोधलीं पाहिजेत. एक विशिष्ट विमान, त्याचा 'सी' अक्षरानें आरंभ होणारा क्रमांक, आणि एक विशिष्ट वर्ष, एवढें निश्चित केल्याखेरीज रंगाची डबी उघडूं नये.

चंदेरी रंगाखालीं चकचकीत काळा हात देतात, तेव्हां धातूची झांक येते. हिरव्या-तपकिरी रंगांत मात्र थोडा पांढरा मिसळावा. देवगिरीचा किल्ला पायथ्याशीं काळा कभिन्न दिसतो, पण दुरून तोच डोंगर फिकट निळसर होतो. अर्ध्या मीटरवरून पाहिलेली प्रतिकृति म्हणजे छत्तीस मीटरांवरून पाहिलेलें विमान, म्हणून तिचाही रंग तितका फिका हवा. शेवटीं कोमट पाण्यांत भिजवून लावावयाचीं चिन्हें. त्यांखालीं आधीं चकचकीत वार्निश असावें, नाहीं तर हवा अडकून पांढुरकी झांक राहते. आपल्या वर्तुळचिन्हांत केशरी बाहेर व हिरवा मध्यें असतो, आणि शेपटीवरील पट्ट्यांत केशरी पुढच्या बाजूस.

तयार झालेलें विमान तळहातावर घ्या, आणि धडाच्या मानानें ते त्रिकोणी पंख किती आखूड व पातळ आहेत तें पाहा. खऱ्या विमानाच्या पंखांचें क्षेत्रफळ अवघें २३ चौरस मीटर आहे. ध्वनीच्या दुप्पट वेगानें जाण्यास असाच पंख हवा. परंतु मंद गतीला तो पुरेसा आधार देत नाहीं, म्हणून हें विमान उतरतांनाही ताशीं सुमारे ३०० किलोमीटर वेगानें धांवपट्टीवर येई. नवशिक्या तरुण वैमानिकास विचार करण्यास किती क्षण मिळत असतील, याचा अंदाज त्या पंखावरून येतो. मिग-२१ च्या अपघातांत आपले अनेक वैमानिक गेले. १७ सप्टेंबर २००१ रोजीं राजस्थानांतील सुरतगडहून रात्रीं उड्डाण केल्यावर थोड्याच वेळांत पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचें मिग-२१ कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांचे मातापिता कविता व अनिल गाडगीळ यांनीं या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वर्षानुवर्षें लावून धरला, आणि पुण्यांत वैमानिकांच्या शिक्षणासाठीं जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट ही संस्था काढली.

पालकांच्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. हातांत धरून तोंडानें आवाज करीत घरभर फिरवावयाच्या खेळण्याला क्रमांक नसतो, वैमानिक नसतो, घरीं वाट पाहणारी आई नसते. ज्या मुलानें एका ठराविक विमानाचा महिनाभर शोध घेतला, त्याला हें सारें कळल्यावांचून राहत नाहीं; आणि तें कळलेल्या मुलाच्या हातीं हें विमान देण्यास आमची हरकत नाहीं. पैशांविषयीं इतकेंच, कीं पहिला संच लहान व स्वस्त घ्यावा, आणि तो पुरा झाल्याखेरीज दुसरा घेऊं नये.

२६ सप्टेंबर २०२५ रोजीं, जेथें आरंभ झाला त्याच चंदीगडला, हवाई दलानें मिग-२१ ला निरोप दिला. आतां तीं विमानें चौथऱ्यांवर व संग्रहालयांतच पाहावयास मिळतील.

तयार प्रतिकृति पश्चिमेच्या खिडकींत ठेवूं नये. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हानें चिन्हें पिवळीं पडतात. कांचेच्या कपाटांत ठेवावी, आणि धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी, फडक्यानें पुसूं नये. तळाच्या फळीवर एक पांढरें कार्ड लावून त्यावर विमानाची जात, क्रमांक, तुकडी आणि रंग ज्या वर्षींचा आहे तें वर्ष लिहावें. खालीं एक ओळ मोकळी सोडावी; त्या क्रमांकाच्या विमानाचें पुढें काय झालें, याचा शोध लागेल तेव्हां ती भरतां येईल.