निवासी प्रॉक्सी आणि आंतरराष्ट्रीय बँक-सेवांची चाचणी

बँकेचे संकेतस्थळ सर्व ग्राहकांस एकाच रूपात दिसते, ही समजूत बरोबर नाही. मुंबईतील बँकेत अनिवासी खाते असणारा ग्राहक सिंगापुरातील घरातून ते उघडतो, तेव्हा त्यास पुण्यातील ग्राहकाहून अधिक प्रश्न विचारले जाण्याचा, एखादी सेवा नाकारली जाण्याचा, प्रसंगी प्रवेशच न मिळण्याचा संभव असतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जानेवारी २०२३ मध्ये १० देशांतील दूरध्वनी-क्रमांकांवरून अनिवासी खात्यांस यू.पी.आय. वापरण्याची मुभा दिली. त्यांत सिंगापूर, अमेरिका व संयुक्त अरब अमिराती यांचा समावेश होता. अशा सेवा परदेशातून नीट चालतात की नाही, हे पडताळणे बँकेचे कर्तव्यच ठरते. मग पुण्यात बसलेल्या परीक्षकाने सिंगापूरच्या ग्राहकाचा अनुभव कसा घ्यावा? या कामी निवासी प्रॉक्सी हे साधन वापरले जाते. त्याची रीत, त्याच्या मर्यादा आणि त्याच्या वापराची उचित अट यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंटरनेटवरील मागणी कोणत्या ना कोणत्या आय.पी. पत्त्यावरून येते. या पत्त्यांचे गट पाच प्रादेशिक संस्थांमार्फत वाटले जातात. आशिया-प्रशांत विभागाची संस्था ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. कोणता गट कोणाकडे आहे याची नोंद जाहीर असते. त्यामुळे मागणी घरगुती जोडणी पुरविणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून आली, की भाड्याने संगणक देणाऱ्या डेटा सेंटरमधून आली, याचा अंदाज बँकेस बांधता येतो. माणसे डेटा सेंटरमध्ये राहत नाहीत. साहजिकच तेथून आलेल्या मागणीकडे बँक साशंकतेने पाहते. सिंगापुरातील भाड्याच्या संगणकावरून केलेली चाचणी म्हणूनच ग्राहकाचा नव्हे, तर संशयिताचा अनुभव सांगण्याचा धोका असतो.

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. परीक्षकाची मागणी प्रथम मुखत्याराकडे जाते, तो ती आपल्या पत्त्यावरून बँकेकडे धाडतो आणि उत्तरही त्याच वाटेने परतते. हा मुखत्यार एखाद्या कुटुंबाच्या घरातील संगणक किंवा फोन असला, म्हणजे त्यास निवासी म्हणावयाचे. परीक्षक व बँक यांच्यातील मजकूर कूटबद्ध असल्याने मुखत्यारास तो सामान्यतः वाचता येत नाही. परंतु परीक्षकाने सोयीखातर प्रमाणपत्रांची तपासणी बंद केली, तर हे संरक्षण उरत नाही. खऱ्या ग्राहकाचे खाते वा पासवर्ड अशा चाचणीत कदापि वापरू नये, तो याचसाठी.

या साधनाने काय कळते व काय कळत नाही, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. येथे बदलतो तो पत्ता. परीक्षकाच्या यंत्राची भाषा, घड्याळाचा विभाग व फोनमधील सिमकार्ड ही आपोआप बदलत नाहीत. आणि बँक त्यांचाही विचार करीत असू शकते. वेळेचे मापन तर हमखास फसवे ठरते. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर अंतर सुमारे ४ हजार किलोमीटर धरल्यास एका खेपेस निदान २० मिलिसेकंद लागतात. सिंगापूरच्या ग्राहकाची मागणी मुंबईस जाऊन उत्तर परत येण्यास निदान ४० मिलिसेकंद पुरतील. पुण्यातील परीक्षकाची मागणी मात्र आधी सिंगापुरास जाऊन मग मुंबईस येते व तशीच परतते, म्हणून त्याच्या घड्याळात निदान ८० मिलिसेकंद भरतात. एक पान उघडण्यास अशा अनेक फेऱ्या होतात. तात्पर्य, सेवा मिळते की नाकारली जाते हे या मार्गाने पाहता येते; ती किती वेगाने मिळते, हे नाही.

याहून गंभीर प्रश्न, ते घर कोणाचे, हा होय. आय.ई.ई.ई.च्या २०१९ मधील सुरक्षाविषयक परिसंवादात सादर झालेल्या एका संशोधनात २३० हून अधिक देशांतील सुमारे ६० लाख निवासी प्रॉक्सी पत्ते आढळले. त्यांमागील कित्येक यंत्रे मालकाच्या संमतीने या व्यवहारात आली नसावीत, असे दर्शविणारा पुरावाही त्यात होता. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘९११ एस-५’ नामक जाळे मोडून काढल्याचे जाहीर केले. त्यात १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्ते गुंतले होते. विनामूल्य व्ही.पी.एन. म्हणून वाटलेल्या प्रोग्रॅममधून लोकांची यंत्रे नकळत ताब्यात घेतली गेली होती आणि त्या पत्त्यांआडून आर्थिक फसवणूक चालली होती. अशा वेळी चौकशीचे बोट प्रथम वळते ते त्या निरपराध कुटुंबाकडे. शुद्ध हेतूने चाचणी करणाऱ्याने असे जाळे भाड्याने घेतले, तर तोही दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो, असेच म्हणावे लागेल.

यास्तव तीन गोष्टी पूर्वअट मानाव्यात: बँकेची लेखी अनुमती, ज्याची जोडणी वापरावयाची त्या गृहस्थाची समजून-उमजून दिलेली संमती, आणि केवळ चाचणीसाठी उघडलेले खाते. पहिली अट निव्वळ शिष्टाचाराची नव्हे. संगणकप्रणालीच्या मालकाच्या अनुमतीविना तीत प्रवेश करण्यासंबंधी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ व ६६ यांची तरतूद आहे. दुसरी अट पुरवठादाराच्या जाहिरातीवरून पुरी झाली असे मानू नये. संमती कशी घेतली, मोबदला काय दिला आणि ती मागे घेता येते काय, हे विचारावे.

शिवाय, पुष्कळ चाचण्यांस या साधनाची गरजच नसते. युरोपीय संघाच्या देयक-सेवाविषयक नियमांनुसार तेथील बँकांनी आपल्या संगणकीय जोडणीची चाचणी-सुविधा मार्च २०१९ पासून उपलब्ध करून देणे आवश्यक होते. नोंदणी, लेखन-पद्धती व त्रुटींचे संदेश अशा सुविधेत तपासता येतात. पत्त्यावरून होणारा भेद तेवढा उरतो. त्यासाठीही त्या देशातील एखाद्या सहकाऱ्याने स्वतःच्या घरातून, स्वतःच्या फोनवरून केलेली चाचणी अधिक विश्वसनीय ठरते. कारण तीत पत्ता, सिमकार्ड व वेळ ही तिन्ही खरी असतात. हा मार्ग उपलब्ध नसेल तेव्हाच, वरील अटी पाळून, निवासी प्रॉक्सीकडे वळणे युक्त होय. आणि चाचणीच्या अहवालात तिचा उल्लेख अवश्य असावा.