दोन क्लच, एक घाट
(गाडीच्या पोटात : लेखांक ९)

पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. चिपळूणहून कराडकडे निघालेल्या गाडीच्या गिअरबॉक्सची खरी परीक्षा इथून पुढे असते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही दोघे मित्र दोन गाड्या घेऊन या घाटात शिरलो. त्याची गाडी ड्युअल क्लचवाली, माझी जुन्या पद्धतीच्या साध्या ऑटोमॅटिकची. आदल्या रात्री चिपळुणात जेवताना त्याने मला मिलिसेकंदांचं गणित ऐकवलं होतं. त्याची गाडी गिअर बदलते ते कळतसुद्धा नाही, माझी तेवढ्या वेळात विचार करत बसते, वगैरे. सगळं खरं होतं. मी गप्प बसून सोलकढी प्यायलो.

घाटात पुढे लाकडांनी भरलेला ट्रक होता, त्याच्यापुढे आणखी तीन. वर कुठेतरी दरड साफ करायचं काम चालू होतं. चार पावलं सरकायचं, थांबायचं, पुन्हा चार पावलं. अर्ध्या तासाने मित्राच्या गाडीच्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली आणि त्याला वळणावरच्या मोकळ्या जागेत गाडी बाजूला घ्यावी लागली. वीस मिनिटांत सगळं निवलं आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी निघाली. मोडलं काहीच नव्हतं. पण त्या वीस मिनिटांत पावसात उभं राहून आम्ही जे बोललो, त्यावरच आजचा लेखांक आहे.

इंजिनाची एक अडचण सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे. ते शून्यावरून सुरुवात करू शकत नाही. मिनिटाला सात-आठशे फेरे तरी त्याला फिरावंच लागतं, नाहीतर ते बंद पडतं. चाकं मात्र उभी असतात. फिरणारं इंजिन आणि उभी चाकं यांची गाठ घालताना मध्ये काहीतरी घसरलं पाहिजे. मॅन्युअल गाडीत आपण डाव्या पायाने हाफ क्लच धरतो, म्हणजे क्लचप्लेट घासू देतो. ऑटोमॅटिक गाड्यांचे दोन पंथ पडले ते या घसरण्याच्या प्रश्नावर. एकाने घसरण्याचं काम तेलावर सोपवलं, दुसऱ्याने ते प्लेटवरच ठेवलं आणि पायाच्या जागी संगणक बसवला.

तेलाचा पंथ समजून घ्यायला पोफळीइतकी चांगली जागा नाही. इथल्या डोंगराच्या पोटात कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचं भूमिगत वीजगृह आहे. धरणाचं पाणी बोगद्यातून येतं, साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं आणि त्याची धार पेल्टन चाकांच्या वाट्यांवर आदळते. चाक फिरतं, जनित्र फिरतं. पाणी आणि जनित्र यांच्यात दांडा नाही, दात नाहीत. नुसता वेग आहे. आता असं समजा की हे पाणी वर चढवणारा पंप आणि खालचं टर्बाइन एकाच बंद डब्यात समोरासमोर बसवले, डोंगर काढून टाकला आणि पाण्याऐवजी तेल भरलं. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल फेकतो, तेल टर्बाइन फिरवतं, टर्बाइन गिअरबॉक्स फिरवतं. टॉर्क कन्व्हर्टर तो हाच. इंजिन चालू, गाडी उभी, ब्रेक दाबलेला असेल तर तेल नुसतं घुसळत राहतं. घासायला काही नाही, जळायला काही नाही.

त्यात एक तिसरा भाग असतो, आणि खरी करामत त्याची आहे. टर्बाइनमधून परतणारं तेल उलट्या दिशेने पंपाला अडवायला येतं. मधली स्थिर पाती त्याला वळवून पंपाच्या मदतीला पाठवतात. पोफळीहून खाली कोळकेवाडीला तिसऱ्या टप्प्याची फ्रान्सिस टर्बाइनं आहेत, तिथेही पाण्याला योग्य कोनात वळवणारी पाती असतातच. काम जवळजवळ तेच. या वळवण्यामुळे गाडी सुटताना टर्बाइनला इंजिनाच्या साधारण दुप्पट पीळ, म्हणजे टॉर्क, मिळतो. म्हणजे घसरणं हा इथे नुसता तोटा नाही, त्यातून जोर वाढतो. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मोटार नव्हती. तो श्टेटिनच्या व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात होता, आणि वेगाने फिरणारी वाफेची टर्बाइनं जहाजाच्या संथ पंख्याला कशी जोडायची हा त्याचा प्रश्न होता.

कन्व्हर्टरच्या मागे सूर्यमालेसारखी चाकं असतात. मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडं. यातलं एक चाक धरलं किंवा दुसरं सोडलं की गिअर बदलतो. त्याच्या तपशिलात आज शिरत नाही. तो वेगळ्या लेखांकाचा ऐवज आहे.

जुन्या ऑटोमॅटिकची बदनामी झाली ती तेल सतत घसरत राहिल्यामुळे. पाय दाबला की आधी आवाज वाढायचा, मग गाडी निघायची. रबर ओढल्यासारखं वाटायचं. पेट्रोलही जास्त जायचं. शर्यतीच्या माणसाला हे कसं चालावं?

त्याला हवं होतं ते आपल्याकडे शिमग्यात दिसतं. पालखीला खांदा बदलताना ती खाली टेकवत नाहीत. नवा माणूस आधी दांड्याखाली येतो, खांदा लावतो, आणि मग जुना हळूच निसटतो. भार एका क्षणासाठीही हवेत राहत नाही. ड्युअल क्लचमध्ये नेमकं हेच चालतं. एका पोकळ दांड्याच्या आत दुसरा दांडा असतो. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. प्रत्येकाला स्वतःचा क्लच. तुम्ही तिसऱ्यात पळत असता तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो, फक्त त्याचा क्लच सुटलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो. चाकांना जोर मिळत राहतो.

मात्र पुढचा खांदेकरी कुठल्या बाजूला उभा करायचा, हे संगणकाला आधी ओळखावं लागतं. तुम्ही वेग वाढवताय असं समजून त्याने वरचा गिअर तयार ठेवला आणि तुम्ही वळणाआधी ब्रेक मारून एकदम जोर मागितला, तर त्याची धांदल उडते. त्यातही सहाव्यातून थेट दुसऱ्यात यायचं असेल तर दोन्ही गिअर एकाच दांड्यावर असतात. मग मध्ये पाचव्याचा आधार घेऊन उतरावं लागतं. सरळ रस्त्यावर हुशार वाटणारी गाडी कधीकधी घाटात अडखळल्यासारखी वाटते ती यामुळे.

दोन क्लचची ही कल्पना जुनी आहे. अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने ती १९३९ मध्ये मांडली; पण युद्ध आलं, १९४३ मध्ये तो गेला आणि कल्पना कागदावरच राहिली. दोन क्लच एकाच वेळी इतक्या अचूक सोडायचे-पकडायचे तर इलेक्ट्रॉनिक्स हवं, ते यायला चाळीस वर्षं लागली. पोर्शेने ८०च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत ते बसवलं, आणि १९८६ मध्ये मोंझाला ९६२ने शर्यत जिंकली. रस्त्यावरच्या गाडीत ते २००३ मध्ये आलं, फोक्सवॅगन गोल्फ आर३२मध्ये. पुढे बुगाटी वेरॉन, निसान जीटी-आर, फेरारी कॅलिफोर्निया अशी रांग लागली आणि जुनं ऑटोमॅटिक संपलं असं सगळ्यांनी धरून टाकलं.

आता चाकणला येऊ. फोक्सवॅगनचा तिथला कारखाना २००९ मध्ये उघडला. तिथे बनणाऱ्या पोलोची जीटी टीएसआय ही आवृत्ती २०१३ मध्ये आली : १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, आणि सात गिअरचा ड्युअल क्लच. दहा लाखांच्या आतबाहेरच्या छोट्या गाडीत हा गिअरबॉक्स म्हणजे आपल्याकडच्या वेगवेड्या तरुणांसाठी पर्वणी होती. मग २०२० मध्ये बीएस-६ च्या नियमांबरोबर त्याच पोलोत १.० लिटरचं, ११० पीएसचं नवं इंजिन आलं, आणि त्याच्यामागे ड्युअल क्लच नव्हता. सहा गिअरचं टॉर्क कन्व्हर्टर होतं. नाव तेच, कारखाना तोच, आणि गिअरबॉक्स चक्क फ्योटिंगरच्या घराण्यातला. अनेकांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं होतं.

पुढे २०२१-२२ मध्ये चाकणहून कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस निघाल्या तेव्हा दोन्ही पंथ एकाच छपराखाली आले. लहान इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर, १५० पीएसच्या मोठ्याला ड्युअल क्लच. हा ड्युअल क्लच कोरडा, म्हणजे त्याच्या प्लेटांना थंड ठेवायला तेल नाही, हवाच. त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि त्या इंजिनाचा पीळही २५०च. टोपी डोक्याला अगदी नेमकी बसवलेली. मर्सिडीजनेही चाकणला हाच खेळ केला. तिथे जोडलेली पहिली एएमजी, २०२० ची जीएलसी ४३ कूपे, नऊ गिअरच्या कन्व्हर्टरवर चालते. पाठोपाठ आलेली ए ३५ सात गिअरच्या ड्युअल क्लचवर.

मोठ्या गाडीला तेल आणि छोट्या चपळ गाडीला दोन क्लच, ही मर्सिडीजची वाटणी पोर्शेतही दिसते. ९११ला ड्युअल क्लच, पण जड केयेनला आठ गिअरचं कन्व्हर्टर. बीएमडब्ल्यूने तर कमालच केली. २००८च्या एम३ला त्यांनी ड्युअल क्लच दिला, त्याचे गोडवे गायले, आणि सहाशे अश्वशक्तीच्या २०१८च्या एम५ला पुन्हा झेडएफ कंपनीचा कन्व्हर्टरवाला आठ गिअरचा गिअरबॉक्स बसवला. पुढच्या एम३लाही तोच.

हे मागे जाणं नव्हतं, कारण मधल्या काळात कन्व्हर्टरच बदलला होता. त्याच्या आतला लॉक-अप क्लच आता फार लवकर कामाला लागतो. गाडीने थोडा वेग घेतला की तो पंप आणि टर्बाइन यांना घट्ट जखडतो आणि तेलाचं घसरणं संपतं. तेलाचं काम फक्त गाडी सुटताना. पुढचा सारा प्रवास सरळ दांड्यावर. २००९ मध्ये आलेल्या झेडएफच्या आठ गिअरच्या पेटीत चार ग्रहमाला आणि पाच पकडी असतात. आठव्यातून थेट दुसऱ्यात उडी मारायची तर एकच पकड सोडायची आणि एकच धरायची असते. पुढचा अंदाज बांधून ठेवायची गरजच नाही. गिअर बदलायला ती सुमारे दोनशे मिलिसेकंद घेते. चांगला ड्युअल क्लच याहून लवकर बदलतो, हे मान्यच. पण ट्रॅकवर घड्याळ लावून बसलेल्याला तो फरक कळेल. कुंभार्लीत ट्रकच्या मागे बसलेल्याला कळायचा नाही.

तिथे कळते ती उष्णता. त्या दिवशी पावसात मी मोबाइलवर जे गणित मांडलं, ते इथे देतो. माणसांसह गाडी १,६०० किलोची धरू, चढ शंभराला आठ. पहिल्या गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटरने सरकायचं तर क्लचवर साधारण २७ न्यूटन मीटरचा भार येतो. इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेतंय आणि दांडा ७००, म्हणजे प्लेट ५०० फेऱ्यांनी घासतेय. यातून निघणारी उष्णता सुमारे १,४०० वॅट. आंघोळीच्या बादलीत सोडायची कॉइल साधारण तेवढीच असते. आता ब्रेकवर पाय न ठेवता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर धरली, तर भार थोडा हलका होऊनही इंजिनाच्या हजार फेऱ्यांना ती २,४०० वॅटवर जाते. बादलीत पाणी तरी असतं. कोरड्या क्लचमध्ये ते कुठून आणायचं?

कन्व्हर्टरमध्येही उष्णता होते. पण पीळ दुप्पट होत असल्याने, इंजिनाचे फेरे तेवढेच धरले तर उभ्या गाडीत ती ढोबळमानाने निम्मी, आणि होते ती तेलात, जे कूलरमधून फिरून येतं. ड्युअल क्लचवाल्यांनाही हे कळतं, म्हणून जास्त ताकदीच्या गाड्यांत ते प्लेटा तेलात बुडवतात. आपल्याकडे २०२५ मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयचा गिअरबॉक्स तसा ओला आहे. टाटांनी २०२२ मध्ये आल्ट्रोझला ड्युअल क्लच दिला तोही ओलाच. उन्हाळा आणि ट्रॅफिक दोन्ही ओळखून केलेलं काम वाटतं ते.

माझं मत विचाराल तर मोकळ्या रस्त्यावर गाडी हाकण्याची मजा ड्युअल क्लचमध्ये जास्त आहे, आणि मित्राची गाडी रिकाम्या घाटात माझ्या गाडीला कधीही मागे टाकेल. पण आपले घाट रिकामे कधी असतात? कोरडा ड्युअल क्लच असलेल्याने रांगेत इंचाइंचाने सरकणं सोडावं. ब्रेक दाबून थांबावं, पुढे तीन-चार गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग निघावं आणि क्लच पूर्ण पकडेल एवढा वेग घेऊ द्यावा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

परतीच्या वाटेवर आम्ही हेळवाकहून खाली उतरलो तेव्हा धुकं उतरलं होतं आणि रस्ता मोकळा होता. मित्र पुढे होता. स्टिअरिंगमागचं डावं पॅडल ओढून त्याने दुसरा गिअर घेतला, मीही मॅन्युअलमध्ये दुसरा धरला. त्याचा क्लच पूर्ण पकडलेला, माझा लॉक-अप जखडलेला. दोन्ही गाड्यांत काहीच घसरत नव्हतं आणि इंजिनंच गाड्यांना मागे ओढून धरत होती. पोफळी येईपर्यंत त्याचे ब्रेकचे दिवे जेमतेम तीन-चारदा लागले. माझे किती लागले ते त्याने मोजले नसावेत.

(पुढील लेखांक : एएमटी – तोच मॅन्युअल, फक्त पाय दुसऱ्याचा)