डोळ्याला सारखे पाणी : बाळासाठी धीर धरा, आजीसाठी उशीर नको

उत्तरायणला दिवसभर गच्चीवर उभे राहून आभाळाकडे पाहिले, की बडोद्यात कुणाच्याही डोळ्याला पाणी येते. वारा, ऊन आणि धूळ यांना डोळ्याने दिलेले ते उत्तर असते. संध्याकाळी पतंग उतरले की पाणीही थांबते. काही घरांत मात्र एखाद्याच्या डोळ्याचे पाणी बाराही महिने थांबत नाही. पाळण्यातल्या बाळाच्या पापण्या सकाळी चिपडाने चिकटलेल्या असतात, किंवा आजी टीव्ही पाहताना दर दोन मिनिटांनी पदर डोळ्याला लावत असते. दोघांचा त्रास दिसायला सारखाच असतो आणि कारणही बहुधा एकच, म्हणजे अश्रू वाहून नेणारी वाट बंद असणे. उपाय मात्र जवळजवळ उलटे आहेत. घरातली औषधे आणि डॉक्टरांच्या तारखा आता आपल्या पिढीकडे आल्या आहेत, म्हणून हा फरक आपल्याला माहीत हवा.

पाण्याची वाट

डोळा ओला ठेवणारे अश्रू वरच्या पापणीमागच्या ग्रंथीतून येतात. नाकाजवळच्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीवर एकेक बारीक छिद्र असते. त्यातून अश्रू बारीक नळ्यांत, तिथून अश्रूपिशवीत आणि पुढे एका हाडाच्या बोगद्यातून नाकात उतरतात. रडलो की नाकही वाहते ते यामुळेच. ही वाट कुठेही अरुंद झाली किंवा बुजली, की पाणी गालावर येते. पिशवीत पाणी साचून राहिले की त्यात जंतू वाढतात आणि पू होतो.

आपल्याकडे हे दुखणे फार पूर्वीपासून ओळखीचे आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यांच्या रोगांत ‘पूयालस’ नावाचा रोग सांगितला आहे. त्यात कोपऱ्याला सूज येते, ती पिकते आणि पू वाहतो. आजचे बरेच अभ्यासक त्याची सांगड अश्रूपिशवीच्या जंतुसंसर्गाशी घालतात.

बाळ असेल तर

अश्रूनलिकेच्या नाकाकडच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. तो जन्माच्या सुमारास उघडतो, पण काही बाळांमध्ये उघडायला वेळ लागतो. अशा दर 10 बाळांपैकी साधारण 9 जणांची वाट पहिल्या वर्षभरात आपोआप मोकळी होते. म्हणून इथे पहिला उपाय मालिश आणि दुसरा धीर.

मालिश म्हणजे गालावरून हात फिरवणे नव्हे. नखे कापलेल्या, स्वच्छ धुतलेल्या बोटाने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या कडेला हलका दाब द्यायचा आणि बोट खाली सरकवायचे. एका वेळी आठ-दहा वेळा आणि दिवसातून तीन-चार वेळा. दाबामुळे पिशवीतले पाणी खाली ढकलले जाते आणि पडदा उघडायला मदत होते. डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. पू दिसला तर ते थेंब देतील. थेंबांनी जंतू मरतात, पण पडदा उघडत नाही.

आईचे दूध, मध, गुलाबपाणी किंवा काजळ यांपैकी काहीही बाळाच्या डोळ्यात घालू नये. घरातल्या मोठ्यांना हे सांगणे अवघड जाते, पण सांगायला हवे.

बाळ वर्षाचे होऊनही पाणी थांबले नाही, तर डॉक्टर ‘प्रोबिंग’ सुचवतात. थोडी भूल देऊन एक बारीक, बोथट सळई अश्रूमार्गातून खाली नेतात आणि पडदा उघडतात. काही मिनिटांचे काम, टाके नाहीत आणि बाळ बहुधा त्याच दिवशी घरी. एवढ्यानेच बहुतेक मुले बरी होतात. उरलेल्यांच्या नलिकेत काही आठवडे किंवा महिने सिलिकॉनची मऊ नळी ठेवतात, किंवा बारीक फुगा फुगवून वाट रुंद करतात.

तीन गोष्टींत मात्र वर्षभर थांबायचे नाही. बाळ उजेडाकडे पाहत नसेल, डोळे मिटून घेत असेल किंवा बुबुळ मोठे वा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. जन्मतःच कोपऱ्यात निळसर गाठ असेल तर लगेच दाखवा, कारण तशीच गाठ नाकाच्या आतही वाढलेली असली तर बाळाला श्वास घ्यायला त्रास होतो. आणि कोपरा लाल होऊन सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आजी असेल तर

मोठ्या वयात पडदा उघडायचा राहिलेला नसतो, तर नलिकाच हळूहळू सुजून, आकसून बंद झालेली असते. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांना, त्यातही चाळिशी-पन्नाशीनंतर, जास्त होतो. त्यांचा हाडाचा बोगदा मुळात अरुंद असणे हे त्याचे एक कारण मानले जाते. अशी पूर्ण बुजलेली वाट थेंबांनी किंवा मालिशने उघडत नाही. वर्षानुवर्षे थेंबांच्या बाटल्या बदलत राहण्यात फक्त वेळ जातो.

आधी तपासणी हवी, कारण प्रत्येक पाणी नलिकेमुळे येत नाही. डोळा कोरडा पडला तरी तो चुरचुरतो आणि उलट जास्त पाणी सोडतो. पापणी बाहेर वळली असेल किंवा केस आत टोचत असेल, तरी पाणी येते. नलिका पाहण्यासाठी ‘सिरिंजिंग’ करतात. पापणीच्या छिद्रातून बोथट सुईने सलाइन सोडतात. घशात खारट चव आली तर वाट मोकळी आहे. पाणी किंवा पू उलटा बाहेर आला, तर ती बंद आहे.

पुढचा उपाय अडथळा कुठे आहे यावर ठरतो. फक्त पापणीचे छिद्र आकसले असेल, तर छोटी चीर देऊन ते मोठे करतात. अडथळा पिशवीच्या खाली असेल, तर मुख्य शस्त्रक्रिया म्हणजे ‘डीसीआर’. त्यात बुजलेली नलिका साफ करत बसत नाहीत. पिशवी आणि नाक यांच्यामधले थोडे हाड काढून नवी, जवळची वाट करतात. ही कल्पना इटलीच्या आदेओ तोती यांनी 1904 मध्ये मांडली आणि तत्त्व आजही तेच आहे.

डीसीआर दोन मुख्य पद्धतींनी होते. बाहेरून करताना नाकाच्या बाजूला साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची चीर देतात. पुष्कळदा ती जागा बधिर करूनच हे काम होते आणि व्रण बहुतेकांना काही महिन्यांत सहज दिसेनासा होतो. दुर्बिणीने करताना सगळे काम नाकातून होते, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. तिथे नाकाचे वाकडे हाड किंवा गाठी असल्या तर त्यांचाही विचार होतो, म्हणून कान-नाक-घशाचे डॉक्टर सोबत असतात. अनुभवी हातांत दोन्हींचे यश सुमारे 90 टक्क्यांच्या घरात असते. लेझरने करायचीही पद्धत आहे, पण तिने केलेली वाट पुन्हा बुजण्याचे प्रमाण काहीसे जास्त आढळते. नुसता ‘लेझर’ शब्द ऐकून भुलू नये.

फार वृद्ध किंवा आजारी माणसाची पिशवीच काढून टाकायचा पर्यायही आहे. त्याने पू थांबतो, पण पाणी वाहत राहते, हे आधी समजून घ्यावे. वरच्या बारीक नळ्याच पूर्ण बुजल्या असतील, तर डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकापर्यंत काचेची छोटी नळी कायमची बसवतात.

मोतीबिंदूच्या आधी

उशीर नको म्हणण्याचे सर्वांत मोठे कारण इथे आहे. पू भरलेली पिशवी म्हणजे डोळ्याशेजारचा जंतूंचा साठा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळा उघडला जातो. त्या वेळी हे जंतू आत शिरले, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून आधी पिशवीचा बंदोबस्त आणि काही आठवड्यांनी मोतीबिंदू, असा क्रम डॉक्टर ठेवतात. आजीचा मोतीबिंदू ठरला असेल आणि डोळ्याला सारखे पाणी किंवा पू येत असेल, तर ते तपासणीच्या वेळी न विचारता सांगा. “वयोमानाने येतंच” म्हणून आजी स्वतः सांगणार नाहीत.

पिशवी लाल होऊन ठणकत असेल, तर आधी प्रतिजैविके देऊन सूज उतरवतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. तो फोड घरी दाबून फोडू नये.

ठरवताना

डीसीआरमध्ये नाकातून रक्त येऊ शकते. म्हणून रक्तदाब आटोक्यात हवा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच सांगायला हवे. त्या परस्पर बंद करू नयेत. नंतर एक-दोन आठवडे नाक जोराने शिंकरायचे नाही, जड उचलायचे नाही आणि पहिल्या दिवशी कढत चहा टाळायचा.

डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारा : अडथळा नेमका कुठे आहे? बाहेरून की नाकातून, आणि का? नळी ठेवणार का, व कधी काढणार? वाट पुन्हा बुजली तर पुढे काय?

बडोद्यात यासाठी लांब जावे लागत नाही. बडोदा मेडिकल कॉलेजला जोडलेल्या सयाजीराव जनरल रुग्णालयात नेत्र आणि कान-नाक-घसा असे दोन्ही विभाग आहेत. आयुष्मान कार्ड असेल तर ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे दाखल होण्याआधी विचारून घ्या. दोनदा केलेली वाटही बुजली, अशा अवघड रुग्णांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अश्रूमार्गाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या डॉ. मोहम्मद जावेद अली यांना 2019 चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले आहे.

आपल्या घरातल्या कुणाच्या डोळ्याला सतत पाणी येत असेल, तर या आठवड्यात एवढेच करा : बाळ असेल तर मालिश नीट शिकून घ्या, आणि आजी असेल तर सिरिंजिंगची वेळ घ्या.